लॅमिनेशन केलेला कासवराज

मित्रांनो, मी अमर आहे. हे अमरत्व मला तपश्चर्येनं मिळालेलं नाही. सदर बाजारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात, गरम यंत्रातून सरकवल्यावर, अर्ध्या मिनिटात मिळालं.

मी एक जुना पत्ता आहे. रमीतला नव्हे. ड्रॅगन, राक्षस आणि जादूगारांच्या त्या खेळातला, ज्यात प्रत्येकजण आपली चाळीस कार्डं निवडून दुसऱ्याशी लढतो. त्या चाळिसांच्या गड्डीला मुलं डेक म्हणतात. माझ्यावर मुकुट घातलेलं कासव आहे. नाव कासवराज.

कुठल्या छापखान्यात जन्मलो ते ठाऊक नाही. चकचकीत पाकिटात, आठ भावंडांना चिकटून, मी रायपूरला आलो. नवं राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि शहरात सलूनच्या पाटीवरसुद्धा 'राजधानी' लिहिलेलं असे. आमचं पाकीट भार्गव नावाच्या मुलानं फोडलं. मला पाहून तो "हॅट, कछुआ!" म्हणाला आणि त्यानं मला बुटांच्या खोक्यात टाकलं. तिथे वर्ष गेलं.

मला बाहेर काढलं ते त्याच्या चुलत बहिणीनं. चौबे कॉलोनीतली यामिनी तेव्हा अकरावीत होती आणि नुसत्या कासवांचा डेक बांधत होती.

"फक्त कासवं? दीदी, हरायचंच आहे तर घरी बसून हर ना," भार्गव म्हणाला.

"तू मले कासवराज दे. मग पाहू कोण हरते."

"सहा ड्रॅगन लागतील."

तिनं सहाही दिले. माझं इतकं मोल पुन्हा कोणी केलं नाही. त्याला कारण होतं. मी मैदानात असलो की प्रत्येक कासवाची ढाल दुप्पट होते. मी नसलो की ती नुसती कासवं.

दर रविवारी यामिनी पलंगावर कार्डं मांडायची. चाळीस म्हणजे चाळीस, एकेचाळिसावं चालत नाही. एक जादूगारीण तिला फार आवडायची, पण ती कासव नव्हती. यामिनी तिला काढायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढायची. घ्यायची कार्डं पंधरवड्यात ठरली. आवडतं कार्ड सोडायला तिला दोन महिने लागले.

मग शहरातली पहिली स्पर्धा जाहीर झाली. सावकाश चालणारेही जिंकतात, एवढंच यामिनीला दाखवायचं होतं. भार्गव हसला. तिनं ते बाबांना सांगितलं. बाबा हसले नाहीत.

बाबा, म्हणजे नीलकंठराव, सरकारी कचेरीत होते. राज्य नवं झालं तेव्हा भोपाळहून फायलींचे ट्रक आले. एक ट्रक वाटेत भिजला आणि त्यात बाबांच्या वीस वर्षांच्या नोकरीची शाई पसरली. तेव्हापासून त्यांचा कोरड्या कागदावरही विश्वास उरला नव्हता. यामिनीचा जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका, कुकरचं वॉरंटी कार्ड, सगळं त्यांनी लॅमिनेट करून घेतलं होतं.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी त्यांना माझा दुमडलेला कोपरा दिसला. पोरीनं सहा ड्रॅगन देऊन घेतलेली वस्तू! त्यांनी मला खिशात घातलं आणि स्कूटर काढली. "कडेनं जागा सोड भैया, नाहीतर पाणी जाते," असं ते दुकानदाराला बजावत होते. मग उष्ण अंधार, आणि अमरत्व.

"बाबा! हे काहून केलं?"

"आता पाण्यात टाकलास तरी काही होत नाही."

"कासव आहे बाबा ते. पाण्यातच राहते."

बाबा खुशीत हसले. यामिनीनं मला उरलेल्या एकोणचाळिसांवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी स्पर्धा घेणाऱ्या मुलानं मला बोटांत धरलं. "दीदी, ये नहीं चलेगा. गड्डी में अलग दिखेगा." खरंच होतं. सगळ्यांची पाठ वर ठेवूनही मी कुठे आहे ते आंधळ्यालाही कळलं असतं.

मागच्या खुर्चीवर इस्त्रीच्या शर्टात बसलेले बाबा पुढे वाकले. "काय म्हणून राहिला तो?"

यामिनीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "काही नाही बाबा. राजाला गड्डीत नाही ठेवत म्हणे. बाहेर बसवतात."

तिनं मला पाण्याच्या बाटलीला टेकवून उभं केलं. बाबांनी शेजारच्याला माझ्याकडे बोट दाखवलं. भार्गवनं सगळं ऐकलं होतं. त्यानं सहांतला एक ड्रॅगन तिच्यापुढे सरकवला. चाळीस पूर्ण झाले.

बाटलीपाशी उभा राहून मी माझ्या प्रजेच्या ढाली एकेक करून पडताना पाहिल्या. एकेरी ढाली. कार्ड पडलं की बाबा टाळ्या वाजवायचे. त्यांना नियम माहीत नव्हते, आणि यामिनीनं त्यांना ते कधीच सांगितले नाहीत.

मित्रांनो, वस्तू जपाच. फक्त जपण्याआधी, ती कशाला आहे हे तिच्या मालकाला एकदा विचारा. पिसून पिसून माझे कोपरे झिजले असते, एखाद्या डावात मी फाटलोही असतो. ते मला चाललं असतं.

त्या स्पर्धेला पाच जण आले होते. यामिनी पाचवी आली. तिला भाग घेतल्याचं प्रमाणपत्र मिळालं. बाबांनी ते सोमवारीच लॅमिनेट करून आणलं.