कॅम्पर राहिला, नवरा गेला

बर्फ वितळला की आमच्या गल्लीतले लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आमच्या अंगणात येतात. माझा नवरा वर्लिन पिकअप ट्रकच्या पाठीवर कॅम्पर, म्हणजे सहलीत राहायची खोली, चढवतो ते बघायला. नॉर्थ डकोटात त्या दिवसांत दुसरी करमणूक नसते.

हिवाळाभर कॅम्पर चार लोखंडी पायांवर उभा असतो. त्याच्याखाली पिकअप मागे घालायची, मग पाय आखडून कॅम्पर हळूहळू खाली बसवायचा आणि साखळ्यांनी आवळायचा. काम एवढंच. पण मागून सांगणारी मी आणि डावीकडे म्हटलं की उजवीकडे जाणारा हा. लग्न झाल्यापासून असंच.

यंदा मी निक्षून बजावलं. "एकदा तरी माझं 'थांब' ऐक. नाहीतर यापुढे मी कुठेच येणार नाही. तू जा एकटा."

"ऐकतो गं, आर्लिस."

घासत-खरवडत पिकअप एकदाची आत गेली. मी मागच्या शिडीने कॅम्परात चढले, पाय आखडायचं बटण शोधायला लागले, तेवढ्यात खाली इंजिन गुरगुरलं.

"अरे थांब! अजून खाली बसवला नाहीये!" मी खिडकीतून ओरडले.

त्याने हात हलवला आणि निघाला. टेबलाचा खण ओढावा तशी पिकअप खालून सुळकन निघून गेली. कॅम्पर आपल्या पायांवर तसाच, आत मी.

समोर अख्खी गल्ली बसलेली. पण दुसऱ्याच्या गाडीत नाक खुपसणं आमच्याकडे शोभत नाही. सगळ्यांनी हात हलवून त्याला निरोप दिला. शेजारचा ऑर्डेल माझ्याकडे वळून म्हणाला, "छान निघाली गाडी."

"छानच," मी म्हणाले. मीही इथलीच.

त्याच्या बायकोने टाचा उंचावून खिडकीतून लिंबाच्या वड्यांचा डबा दिला. "वाटेत खा हं."

मी वडी खाल्ली. डोळ्यांतून पाणी येत होतं. राग होताच, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. या माणसाला मी मागे आहे की नाही हेसुद्धा कळू नये?

बऱ्याच वेळाने फोन आला. "आर्लिस, आज गाडी काय पळतेय! वारा अडवतच नाही!"

"वर्लिन, आरशात बघ."

त्याने करकचून ब्रेक मारला. मग म्हणाला, "कॅम्पर कुठाय?"

"अंगणात."

"आणि तू?"

"कॅम्परात."

तो परत आला तेव्हा खुर्च्या जागच्या जागी होत्या. कुणी हसलं नाही. ऑर्डेल म्हणाला, "लवकर आलास रे. प्रवास बरा झाला ना?"

वर्लिनचे कान लालबुंद झाले होते. मी शिडीवरून उतरून मागे उभी राहिले. त्याने रेडिओ बंद केला, काच खाली केली, मान बाहेर काढली.

"सांग," तो म्हणाला.

"डावीकडे."

डावीकडे आला.

"अजून थोडं. थांब."

थांबला. जागच्या जागी, लगेच. सगळी गल्ली श्वास रोखून बघत होती. पिकअप अगदी नेमकी बसली होती, बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही.

"चुकलं," मी म्हणाले. "बाहेर काढ. पुन्हा."