शिवणीतलं पीठ

“सहा महिने यान चालतंय, आन् कुणाचं बोट वंगणानं काळं न्हाय झालं. हे कसं वो बाई?”

दानम्मानं कादंबरी माझ्या टेबलावर ठेवली आणि पदरानं कपाळ पुसलं. मी पुस्तक उघडून नेहमीसारखं झटकलं. पानांच्या शिवणीतून ज्वारीचं पीठ नोंदवहीवर सांडलं.

“कादंबरी आहे ती, दानम्मा. तांबड्या ग्रहावर निघालेली माणसं. त्यांची यंत्रं आपल्यासारखी नसतात.”

“यंत्र कुणाचंबी असू दे की. चाललं की तापतंय. तापलं की कुणीतरी उठून बघतंय. हितं सगळे खिडकीतनं चांदण्या बघत बसल्यात. लिहिणाऱ्यानं आमच्या गिरणीत एक दुपार काढावी.”

आतल्या खोलीत आमचे चिटणीस वेणीमाधवराव पेपर वाचत होते. ते मोठ्यानं हसले आणि पेपर हातात घेऊनच बाहेर आले.

“सरोजिनीबाई, हे तुमच्या चिठ्ठीत कसं नाही आलं हो?”

चौऱ्याहत्तर साल होतं ते. शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाचनालयात मी लिपिक होते. पुण्याहून दर महिन्याला नव्या कादंबऱ्यांचं पार्सल पसंतीसाठी यायचं. पंधरा दिवसांत वाचायच्या, हव्या त्या ठेवायच्या, बाकीच्या आल्या तशा स्वच्छ परत पाठवायच्या. निवड समितीतले गृहस्थ ऐतिहासिक आणि कौटुंबिक कादंबऱ्या आपापसांत वाटून घेत. उरत त्या परग्रहांच्या, यंत्रमानवांच्या, जादूच्या नगरांच्या. तशी पुस्तकं तेव्हा बरीच निघू लागली होती, पण त्या मंडळींना ती पोरकट वाटत. म्हणून ती माझ्याकडे आली आणि माझीच झाली. सोलापुरात ती पानं सगळ्यांत आधी माझ्या हाताखालून जात. मी वाचून अभिप्रायाची चिठ्ठी लिहायची, ती दाराजवळच्या फळ्यावर लागायची आणि खाली माझं नाव असायचं. घराच्या दारावर वडिलांचं नाव होतं, शिधापत्रिकेवरही त्यांचंच. माझं नाव दुसरं कुठंच लावलेलं नव्हतं.

त्या यानाच्या कादंबरीवर मी लिहिलं होतं, ‘कल्पनाविलास उत्तम. भाषा प्रवाही. संग्राह्य.’

दानम्माची बाळीवेशीत पिठाची गिरणी होती. गव्हाचं यंत्र तिचा नवरा शंकरप्पा बघायचा, ज्वारीचं ती. दळण पडत असताना ती त्या यंत्राशेजारी स्टुलावर बसून वाचायची, म्हणून तिनं नेलेल्या प्रत्येक पुस्तकात ज्वारी असायचीच. कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मराठी झरझर वाचायची, लिहायला मात्र वेळ लागायचा.

वेणीमाधवरावांनी त्यावर तोड काढली. “त्या सांगतील, तुम्ही लिहून घ्या. तुमच्या चिठ्ठीशेजारी लावू.”

तर मी लिहून घेऊ लागले. माझ्याच वळणदार अक्षरात, माझ्याच टाकानं. ती समोरच्या बाकावर बसून बोलायची आणि मी मान खाली घालून उतरवायची. महिन्याभरात वाचक दारातून आत आले की उजवीकडची चिठ्ठी आधी वाचू लागले. डावीकडची माझी.

एकदा एका जादूच्या नगराची कादंबरी आली होती. मांत्रिकाच्या शापानं सगळं गाव दगड होतं आणि शंभर वर्षांनी जागं होतं. मला फार आवडली होती. दोनदा वाचली होती.

“लिहा बाई,” दानम्मा म्हणाली. “शंभर वर्सांनी उठल्यात आन् पयला राजाचा जयजयकार करत्यात. भूक लागली असं एक माणूस म्हनत न्हाय. पर ती म्हातारी खरी हाय.”

“कुठली म्हातारी?”

“अय्यो! उठल्या उठल्या चुलीत हात घालून बघती की. इस्तू हाय का इझला म्हनून. त्या एका म्हातारीसाठी पुस्तक ठेवा.”

ती गेल्यावर मी पुस्तक उघडलं. म्हातारी होती. अडीच ओळींची. त्याच पानाच्या शिवणीत पिठाची जाडसर रेघ साठली होती, म्हणजे बाई तिथं बराच वेळ थांबली होती. मी दोन्ही वेळा त्या ओळींवरून सरळ पुढं गेले होते. त्या संध्याकाळी वडिलांच्या ताटात मी करपलेली भाकरी वाढली. ते म्हणाले, “काय गं, ताप आहे का?” मी म्हटलं, “नाही.” तापाचं औषध तरी असतं.

त्यात गिरणीवरच्या गप्पा कानावर येऊ लागल्या. दळणाला गेले की बायका डबे घेऊन थांबलेल्या असत. त्यांची दळणं कधीच झालेली असायची. यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून दानम्मा निम्मं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये त्यांना कादंबरी सांगत असायची. फुलाबाई नावाची एक बिडीवाली मला म्हणाली, “सरा की जरा बाई, तो लोखंडी माणूस आता रडनार हाय.”

मी सरले.

श्रावणात नवं पार्सल आलं. वेणीमाधवरावांनी सुतळी सोडली, वरची तीन पुस्तकं उचलली आणि सहज म्हणाले, “या खेपेला ही आधी दानम्मांकडे जाऊ द्या. तुम्ही सवडीनं वाचा.”

“पसंतीची पुस्तकं आहेत. पिठाचे हात लागले तर परत कशी पाठवणार?”

“सांगा त्यांना जपायला.”

मी सांगितलं. तिनं जपलं. आठ दिवसांनी तिन्ही पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळलेली परत आली. मी एकेक पान उलटून पाहिलं. डाग नाही, कण नाही. नंतर कळलं, ती गिरणी बंद करून, हात धुऊन, घरात जाऊन वाचत होती.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्यातलं एक पुस्तक घरी आणलं. स्वयंपाकघरात गव्हाच्या पिठाचा डबा उघडला, अंगठा पाण्यात बुडवला, पिठात दाबला आणि पुस्तकावर उमटवला. चाळिसाव्या पानावर, नव्वदाव्यावर, आणि शेवटच्या पानावर दोनदा. मग फुंकर घालून वाळवलं. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही आठवतं, ते चारही ठसे मी सावकाश, नीट उमटवले होते.

दुसऱ्या दिवशी वेणीमाधवरावांनी पुस्तक पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पसंतीच्या पुस्तकावर डाग पडला तर कार्ड रद्द, हा नियम त्यांनीच केला होता. त्यांनी दानम्माला बोलावणं पाठवलं.

ती गिरणीतून तशीच आली. भुवयांवर पीठ होतं. तिनं चाळिसावं पान उघडलं, नखानं डाग खरवडून पाहिला. तो निघेना. नव्वदावं पान उघडलं. तिथला थोडा पापुद्रा निघाला, तो तिनं दोन बोटांत चोळला आणि थांबली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी नोंदवहीत काहीतरी लिहीत होते. काय, ते मलाही ठाऊक नव्हतं.

“दानम्मा, तुमच्याकडूनच झालं का हे?” वेणीमाधवराव म्हणाले. “नसेल तर तसं सांगा. मी समितीत बोलतो.”

“पीठ हाय न्हवं? मग गिरणीतलंच असंल की.” तिनं कमरेची पिशवी सोडून कार्ड काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. “बाईंनी बजावलं हुतं मला. चूक झाली.”

उजवीकडची चिठ्ठी मी त्याच दिवशी काढली. टाचणीची दोन भोकं तेवढी राहिली. वाचक येत, फळ्याकडे बघत आणि विचारत, “गिरणीवाल्या बाईंचं काय म्हणणं?” मी सांगायची, “त्या येत नाहीत आता.”

दळणाला तर जावंच लागायचं. पंधरा दिवस मी शेजारणीला पाठवलं, मग स्वतः गेले. शंकरप्पा बाजारात गेला होता, गव्हाचं यंत्रही दानम्माच बघत होती. स्टूल रिकामं होतं. बायका आपापली दळणं घेऊन लगेच जात होत्या. दानम्मानं माझे गहू ओतले, खाली डबा लावला, आणि पट्ट्याचा आवाज स्थिर झाल्यावर डब्याकडे बघत म्हणाली,

“ज्वारीचं पीठ वाळलं की भुगा हुतंय, बाई. नख लावलं की निघतंय. गव्हाची खळ बनती. ती न्हाय निघत.”

“दानम्मा, मी चिटणिसांना सांगते.”

“सांगितलंसा का?”

मी दळणाचे पैसे मोजू लागले. तिनं डबा काढला, कड फडक्यानं पुसली, झाकण लावून माझ्या हातात दिला. “गहू ओलसर हाईत. ऊन दावा.”

मी सांगितलं नाही. ना त्या आठवड्यात, ना नंतर. वेणीमाधवराव शहात्तर साली गेले, तेव्हाही त्यांना वाटत होतं की एका चांगल्या वाचकाला आपल्या नियमामुळे मुकलो.

त्याऐवजी मी दुसरं केलं. नव्या पार्सलातलं सगळ्यांत चांगलं पुस्तक, मी स्वतः उघडायच्या आधी, दळणाच्या डब्यावर ठेवून गिरणीत न्यायची. “राहू द्या आठवडाभर,” म्हणायची. ती नाही म्हणायची नाही. पुस्तक घेऊन खिडकीशी ठेवायची आणि पुढच्या दळणाच्या वेळी तिथूनच उचलून डब्यावर ठेवून परत द्यायची. कसं वाटलं, असं विचारलं की म्हणायची, “तुमी वाचल्यावर कळंलच की तुमाला.”

दोन वर्षं हे चाललं. मी घरी आल्यावर डबा खाली ठेवायची, दाराशी उजेडात बसायची, मांडीवर वर्तमानपत्र पसरायची आणि पुस्तक मधोमध उघडून झटकायची. एकदा झटकून भागायचं नाही, म्हणून पुन्हा. मग शिवणीतून बोट फिरवायची, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत.

कागदावर कधी काही पडलं नाही.