पट्टा घसरण्याचे तीन दिवस

सृष्टीच्या कानशिलावर तिचाच हात बसतो तेव्हाचा आवाज मला गिरणीच्या धडधडाटातही ऐकू येतो. निलंग्यात आमची पिठाची गिरणी आहे, घर तिच्या मागेच. पोर नऊ वर्षांची, बोलत नाही. आवाज सहन होईनासा झाला की स्वतःला मारून घेते. उजव्या कानाचा पडदा एकदा फाटलाय. पुन्हा फाटला तर त्या कानाने ऐकू येणं जाईल, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून भीती माझ्या पोटात मुक्कामालाच आली.

अशा मुलांसाठीच्या लातूरच्या एका केंद्रातून पुनम मॅडम एसटीने यायच्या आणि दहा ते अकरा दाराशी बसून रेघा ओढायच्या. एका फटक्याला एक रेघ. पहिल्या आठवड्यात तासाला वीस-बावीस. मग त्यांनी सृष्टीच्या गळ्यात एक पिवळं कार्ड अडकवलं. तिनं ते माझ्या हातात दिलं की मी हाक मारायची आणि आमच्या ह्यांनी, म्हणजे शिवप्रसादांनी, दोन मिनिटं मोटर बंद करायची. पंधरा दिवसांत रेघा तीन-चारवर आल्या. सासूबाईंनी महादेवाला नारळ फोडला.

आणि मग मॅडम म्हणाल्या, आता तीन दिवस कार्ड काढून घ्यायचं. फरक कार्डानेच पडला की आपसूक, हे कळायला दुसरी वाट नव्हती म्हणे. शाळा अडून बसली होती, पोरीचे हात बांधूनच पाठवा. कार्डाचा पुरावा मिळाला तर केंद्र शाळेला तसं लेखी देणार होतं. पंचविसावर रेघ गेली की तिथंच थांबायचं ठरलं. बरं झालेलं पोर पुन्हा बिघडवून बघायचं, याला म्हणे शिक्षण. मी हे तोंडावर बोलले. मॅडम चिडल्या नाहीत, माझी संमतीची सही मात्र घेतली.

तीन दिवसांच्या रेघा निघाल्या चार, तीन, चार.

मॅडमनी रेघा पुन्हा मोजल्या. कार्ड नसूनही मारणं वाढलं नाही, म्हणजे कार्डाचा उपयोग झाला असं त्यांना लिहिता येणार नव्हतं. मला सृष्टीचे बांधलेले हात दिसायला लागले.

आमचे हे पिठाने पांढरे होऊन दारात उभे होते. तीन दिवस दर दहा मिनिटांनी गिरणीचा पट्टा घसरत होता, मोटर थांबत होती आणि दळणाला आलेल्या बाया कुरकुरत होत्या. पट्टा तर दिवाळीतच नवा बसवलेला. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि मी मूग गिळून बसले होते.

"मॅडम, पट्टा घसरला न्हाई," मी म्हणाले. "हेच मोटर बंद करत होते. मला ठाऊक होतं."

ह्यांनी मान खाली घातली. "तिनं हात उचलला की माझा हात बटनावर जातो. मी काय करू?"

"पुन्हा मोजावं लागंल, ताई," मॅडम म्हणाल्या. "मलाबी लई भीती वाटती."

दुसऱ्या दिवशी दहाला मी गिरणीत ह्यांच्या शेजारी उभी राहिले आणि त्यांचं मनगट धरलं. सृष्टी आली. तिनं गळ्याशी चाचपलं, मग माझ्याकडे बघितलं. पहिला फटका बसला. पाच झाले, नऊ झाले. 'बंद करा' हे शब्द अगदी ओठांवर होते. ह्यांनी हात ओढला, मी आणखी घट्ट धरला. सोळा. एकोणीस. आणि एकोणिसाव्याला मला हायसं वाटलं, कार्डाचा पुरावा मिळत होता. पोर मार खात होती आणि तिची आई आकडा वाढावा म्हणून वाट बघत होती. स्वतःची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

असे तीन दिवस काढले. रेघा तेवीस, एकवीस, बावीस. कान लाल झाला, पडदा शाबूत राहिला.

तिसऱ्या दिवशी अकराला मॅडमनी कार्ड सृष्टीच्या गळ्यात घातलं. पुरावा मिळाला, उद्याच शाळेला कळवते, असं त्या म्हणत होत्या. मी गुडघ्यांवर बसून हात पुढे केला. सृष्टीनं कार्ड काढलं, माझ्या हाताला वळसा घालून ती ह्यांच्याकडे गेली आणि ते त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ होते. ह्यांनी मोटर बंद केली.