रिळाने मोजलेला रस्ता

मोठीबाईंच्या मापात चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. असं त्या स्वतःच सांगत, आणि दुकानात कापड घेऊन येणाऱ्या कोणाची त्यावर चकार शब्द काढायची छाती नव्हती. गिऱ्हाईक दारातून आत आलं की फीत लावायच्या आधीच त्या सांगून मोकळ्या होत, "तुझा डावा खांदा अर्धं बोट खाली आहे. पिशवी उजव्या हातात धरत जा." मग फीत लावली की अर्धं बोटच निघे.

दुकान शिवणकामाचं. पुढे तीन मशिनं, मागे कापायचं लांब टेबल, त्याच्या मागे राहायच्या दोन खोल्या. टेबलाशी त्यांचा मुलगा. त्याला मोठीबाई 'मास्तर' म्हणत, आणि त्याचं काही चुकलं की जरा जास्तच आदराने म्हणत. खिडकीजवळच्या मशिनवर सून. सुनेचा हात चांगला होता. मोठीबाईंना ते पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच एकोणीस वर्षांत त्यांनी तिला ते कळू दिलं नव्हतं. तिने शिवलेला कोट हातात आला की त्या तो उलटा करत, उजेडात धरत, आणि कुठेतरी चार टाके उसवतच. त्याशिवाय तो कोट आपल्या दुकानातला आहे असं त्यांना वाटतच नसे.

त्या सुनेने एकदा जेवताना ताटाकडे बघत सांगितलं, "मी मॅरेथॉनला नाव दिलंय."

मास्तरांचा घास हातातच राहिला.

"तुला डॉक्टरांनी कंबरेसाठी चालायला सांगितलं होतं," मोठीबाई म्हणाल्या. "पळायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. चालायला जाते तिथे बसच्या थांब्यावर कागद लावलाय. रोज वाचत होते. शेवटी दिलं नाव."

"किती पळायचं?"

"बेचाळीस किलोमीटर. आणि वर दोनशे मीटर बहुतेक."

"बहुतेक काय? बाहीचं माप घेताना बहुतेक म्हणतेस का?"

सून हसली. मग म्हणाली, "सहा तास देतात, आई. सहा तास झाले की दोरी बांधून फाटक बंद. मागून येणाऱ्याचं नाव यादीत लागत नाही. मला शेवटचा नंबर चालेल, पण दोरीच्या आत यायचंय." आणि पाण्याचा पेला उचलता उचलता हळूच, "एकदा आत आले ना, की ते काही तुम्हाला उसवता येणार नाही."

मास्तर ताटात काहीतरी शोधू लागले. मोठीबाईंनी आमटीचं भांडं उगाचच झाकलं. रात्रभर ते वाक्य त्यांना टोचत राहिलं. सकाळी उठल्या त्या ठरवूनच. सून पळणार असेल तर पळेल, पण आपल्या मापाने पळेल.

"फोनवर कळतं, आई, किती पळालं ते," मास्तर म्हणाले.

"फोनला काय कळणार? तो खिशात बसून असतो."

त्यांनी खालच्या खणातून कोटाच्या जाड दोऱ्याचं एक जुनं, न फोडलेलं रीळ काढलं. त्यांच्या उमेदीच्या काळातलं, ओढलं तर बोट कापेल पण तुटणार नाही असं. दोऱ्याचं टोक दुकानाच्या शटरच्या कडीला बांधलं आणि रीळ सोडत कालव्याच्या काठाने सरळ चालू लागल्या. मागून मास्तर दोरा चिखलातून वर धरत होते. रीळ संपलं तिथे विजेचा खांब होता. मोठीबाईंनी पदराआडून खडू काढला आणि खांबावर रेघ मारली.

"रिळावर हजार लिहिलंय. हजार मीटरचा एक किलोमीटर. जाऊन येऊन दोन. झालं तुमचं शास्त्र."

पहिल्या दिवशी सून खांबापर्यंत पळत गेली आणि कुशीत कळ धरून चालत परत आली. दुसऱ्या दिवशी तिला जिना उतरता येईना, तर ती उलटी, पाठमोरी उतरली. तिसऱ्या दिवशी मांड्या सोलवटून निघाल्या. त्यावर मात्र मोठीबाई खूश झाल्या, कारण हे त्यांच्या खात्यातलं दुखणं होतं. बाजारातून विकत आणलेली पँट त्यांनी उलटी करून बघितली, "ही शिवण आहे की काटेरी तार," म्हणाल्या, आणि दुपारभर बसून आतून एकही कड लागणार नाही अशी नवी पँट शिवून दिली. त्या पँटमध्ये सुनेने पहिल्यांदा न थांबता खांबाला जाऊन परत येऊन दाखवलं.

मग गाडी रुळावर आली. दोनाचे चार झाले, चाराचे दहा. दहा झाले त्या दिवशी सून सगळ्या गिऱ्हाइकांशी इतकं गोड बोलली की एका बाईंनी घाबरून आपला ड्रेस दोनदा तपासला. पुढच्याच आठवड्यात तिच्या पायाचं नख काळं पडलं, ताप आला, सहा दिवस पळणं बंद. सातव्या दिवशी सोळाव्या किलोमीटरला ती खांबापाशीच बसली. उठेना.

मोठीबाईंनी दारातून बघितलं, चपला घातल्या आणि खांबापर्यंत चालत गेल्या.

"माझ्याने नाही होत, आई."

"मग खुर्ची आणू का इथे? गिऱ्हाइकांना सांगते, सूनबाई आता खांबावर भेटतात."

सुनेला रडता रडता हसू फुटलं. दोघी चालत परत आल्या. दुसऱ्या दिवशी सून पुन्हा शटरपाशी उभी होती.

पळणं सुरू झालं की मोठीबाई दारात खुर्ची टाकून बसत. हातात पाण्याचा पेला. सून खांबाहून परत आली की पेला पुढे करत, पण सोडत नसत. "खांदे कानाला कशाला लावतेस? पाय आपटू नकोस, रस्त्याने काय घोडं मारलंय तुझं? मघाशी बँकेचे साहेब गेले, त्यांना मी सांगितलंय तू पळणार आहेस म्हणून. माझी मान खाली जाईल असं करू नकोस. हं, पी." असं दर फेरीला.

शर्यतीला तीन आठवडे राहिले तेव्हा सून पंधरा वेळा खांबाला जाऊन आली. तीस किलोमीटर, बरोबर चार तासांत. मास्तरांनी कागदावर मांडणी केली. या चालीने बेचाळीसला पाच तास अडतीस मिनिटं. चांगली बावीस मिनिटं हाताशी.

"फोन मात्र सत्तावीसच म्हणतोय," ते दबकत म्हणाले.

"मग फोन तीन किलोमीटर कमी पळाला असेल."

विषय तिथेच मिटला. सुनेनेही फोनकडे ढुंकून बघितलं नाही. ज्या घरात खांद्याचं अर्धं बोट नजरेने कळतं, तिथे रिळावर कोण शंका घेणार?

शर्यतीच्या आधीच्या रविवारी मास्तर खालचा खण आवरत होते. जुनी रिळं एकेक करून उजेडात धरत ते आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ही वारातली रिळं आता संपवून टाकायला हवीत. हजार वारांची आहेत सगळी. नवीन येतात ती मीटरची."

मोठीबाई बटण लावत होत्या. सुई बोटात गेली. आकडे त्यांना वाचता येत, त्यापुढची बारीक परदेशी अक्षरं नाहीत. वार मीटरपेक्षा आखूड असतो हे मात्र त्यांना कोणी शिकवायला नको होतं. अर्धं आयुष्य त्यांनी वारावर कापड विकत घेतलं होतं.

त्यांनी बोट चोखलं आणि बटण पुरं केलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, घर झोपेत असताना, नवं रीळ घेऊन बाहेर पडल्या. टोक कडीला बांधलं आणि चालू लागल्या. खांब आला. खडूची रेघ आली. रिळावर दोरा अजून होता. त्या पुढे चालत राहिल्या. कुलुपांचं दुकान गेलं, दवाखान्याची भिंत गेली, कालव्यावरचा छोटा पूल आला, तेव्हा कुठे दोरा संपला. खांबापासून एकशे वीस पावलं. मोठीबाई पुलाच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

मनात आलं, गप्प बसावं. पळेल ती, पोचली तर पोचली. नाही पोचली तर म्हणता येईल, दमली बिचारी. कोणाला कळणार आहे रिळाचं? मास्तरांना कळलं तरी त्यांची बोलायची हिंमत नाही. असं सगळं सोयीचं होतं. पण परत येताना त्यांना खांबावरची आपलीच रेघ दिसली, आणि तिच्याखाली सुनेच्या घामट हाताचे डाग. दर फेरीला ती तिथे हात टेकवून वळत असे. तीन महिन्यांचे डाग होते ते.

चहाच्या वेळी मोठीबाई रिकामं रीळ टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मास्तर, कागद घ्या. सूनबाई, मशीन थांबव. माझं माप चुकलंय."

मास्तरांना वाटलं, कोणीतरी गेलं.

"कुठल्या कोटाचं?" सुनेने विचारलं.

"कोटाचं नाही. रस्त्याचं. ते रीळ वारातलं होतं. तू तीस पळालीस म्हणतेस ते तीस नव्हते. सत्तावीस होते."

"म्हणजे फोन बरोबर..."

"फोनचं नंतर बघू, मास्तर. मांडा."

मास्तरांनी मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. सहा तास नऊ मिनिटं. सून मशिनच्या पेडलवर पाय ठेवून बसली होती, पण पाय हलत नव्हते.

"नऊ मिनिटं," ती म्हणाली. "दोरीच्या बाहेर."

मोठीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा खाली बघितलं. "मला बोल," त्या म्हणाल्या. "काय बोलायचं ते बोल."

सून बोटांवर फेऱ्या मोजू लागली. मग सावकाश म्हणाली, "पण आई, मी चार तास पळत कुठे होते? चौदा वेळा थांबले होते ना."

"पाण्याला."

"पाण्याला दहा सेकंद लागतात."

मास्तरांनी हळूच फोन काढला. "थांबलेला वेळ यात वेगळा दिसतो," ते म्हणाले, आणि आईकडे न बघता, "वीस मिनिटं."

"वीस?" मोठीबाई म्हणाल्या. "मी काय कीर्तन करत होते?"

मास्तरांनी वीस मिनिटं वजा करून पुन्हा मांडलं. पाच तास अडतीस. जिथे होते तिथेच परत. रिळाने खाल्लेलं सगळं मोठीबाईंच्या तोंडाने भरून निघालं होतं.

"म्हणजे तुम्ही गप्प राहिलात तर मी पोचते," सून म्हणाली.

त्या घरात एकोणीस वर्षांत हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. मोठीबाईंनी ते उलटसुलट करून बघितलं, उजेडात धरल्यासारखं. उसवायला कुठे जागा सापडेना.

"राहते," त्या म्हणाल्या.

शर्यतीच्या दिवशी पस्तिसाव्या किलोमीटरच्या वळणावर मास्तर घड्याळ घेऊन उभे होते आणि शेजारी मोठीबाई. त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता आणि ओठांत टाचण्या. कोटाची घडी टाचताना धरतात तशा, चांगल्या सात-आठ. स्वतःवर भरवसा नव्हता, म्हणून ही तजवीज.

माणसं येत होती, जात होती. एक जाडा गृहस्थ बूट हातात घेऊन चालला होता. त्याचा उजवा खांदा भलताच वर होता, पण मोठीबाईंनी ते गिळलं. मग सून दिसली. खांदे कानाला लागलेले, पाय ओढत, नजर रस्त्यावर. मोठीबाईंच्या घशात निदान दहा वाक्यं गोळा झाली. त्यांनी टाचण्या घट्ट धरल्या आणि पेला पुढे केला. आणि सोडला.

सुनेने दोन घोट घेतले, मान वर केली, आणि तिला त्या टाचण्या दिसल्या. ती बघतच राहिली. मग तिला असं हसू आलं की पाणी नाकातून बाहेर आलं. हसताना खांदे आपोआप खाली उतरले.

"काही म्हणायचंय, आई?"

मोठीबाईंनी मान हलवली. नाही. आणि रस्त्याकडे बोट केलं. सून हसतच पळाली. मास्तरांनी घड्याळ बघितलं. अकरा सेकंद.

मास्तर आईला रिक्षाने फाटकापाशी घेऊन आले, तेव्हा तिथे दोन माणसं दोरीची टोकं हातात घेऊन तयार उभी होती. वरच्या घड्याळात पाच तास सत्तावन्न झाले, अठ्ठावन्न झाले. त्यातला एक माणूस दोरी खांबाला गुंडाळू लागला, तर मोठीबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो थांबला. तोंडात टाचण्या धरलेल्या बाईशी कोण वाद घालणार? एकोणसाठाव्या मिनिटाला सून आत आली. वेडीवाकडी, डोळे मिटून, पण आत.

तिला धरून बसवल्यावर मोठीबाईंनी टाचण्या काढून पदराला लावल्या. सगळं वळण, सगळा रस्ता, सगळी वाक्यं जिभेवर होती. त्यांनी सुनेच्या बुटाची नाडी सोडली आणि म्हणाल्या, "खांबावरची रेघ मी पुलावर नेली आहे. पुढच्या वेळी बरोबर मापाने पळ."

दोन दिवसांनी सून पुन्हा मशिनवर बसली. पाय हलवताना तोंड वाकडं करत होती, पण बसली. संध्याकाळी एक कोट पुरा करून तिने पुढे ठेवला. मोठीबाईंनी तो उलटा केला, उजेडात धरला, कात्री उचलली. सून आणि मास्तर दोघं बघत होते.

मोठीबाईंनी बाहीखालचे दोन टाके उसवले.

"चार असतात," सून म्हणाली.

"तेवढेच वाकडे होते," मोठीबाई म्हणाल्या, आणि कोट घडी करून ठेवून दिला.