पाकाची बरणी

धुरपदाबाईनं उलथन्यावरचा थेंब अंगठ्यावर घेतला, त्याला तर्जनी टेकवली आणि बोटं हळूच फाकवली. तार आली आणि मध्येच तुटली. अजून दोन उकळ्या हव्या होत्या. तिनं गॅस बारीक केला आणि लवंग, मिरी, दालचिनीची पुरचुंडी पाकात खालवर फिरवली. आल्याचा वास माजघरापर्यंत गेला होता.

हा पाक घ्यावा तर तिच्याच हातचा, असं अख्खी गल्ली म्हणायची. आल्याचा रस काढून ठेवायचा, तळाशी बसलेला पांढरा साका टाकून द्यायचा आणि वरचा निवळ रस तेवढा गुळात घालायचा, एवढंच त्यातलं कसब. दर दिवाळीला फराळाच्या ताटासोबत घरोघरी तिची एकेक बरणी जायची. थंडीभर लोक गरम पाण्यात दोन चमचे घालून प्यायचे आणि तिचं नाव काढायचे. यंदा मात्र ताट नव्हतं. नुसता पाकच होता.

ताट नव्हतं, कारण घरात तळण नव्हतं. तळण नव्हतं, कारण घरात सुतक होतं. आणि सुतक जिचं होतं ती पोरगी, वैष्णवी, तुळजापुरात नवऱ्यासोबत सुखानं राहत होती.

आषाढात तिनं नंदीशशी लग्न केलं. मुलगा नोकरीचा होता, निर्व्यसनी होता, पण जातीतला नव्हता. त्या दिवशी तिच्या बापानं, उत्तरेश्वररावांनी, अंगणात सगळ्यांदेखत डोक्यावर घागर ओतून घेतली, पोरीच्या नावानं अंघोळ केली आणि "आमच्या लेखी मेली" म्हणून ओल्या अंगानं घरात गेले. घागर भरून दिली होती धुरपदाबाईनं. ते "भरून आण" म्हणाले आणि तिनं आणली. नाही म्हणायची तिला कधी सवयच नव्हती.

घरात माणूस गेलं की त्या वर्षीच्या दिवाळीला कढई चढवत नाहीत. ज्यांना सुतक नाही अशी परकी घरं फराळ आणून देतात. उत्तरेश्वरराव बोलल्या शब्दाला पक्के. पोरीला मेली म्हटल्यावर त्यांनी कढईलाही हात लावू दिला नाही. गावाचं कौतुक असं की यात कुणाला हसू आलं नाही. सगळ्यांनी आपापला वाटा गंभीर तोंडानं उचलला.

पाक उतरवत असतानाच शेजारची नागूबाई झाकलेलं ताट घेऊन आली.

"ठिवा तिथं," धुरपदाबाई म्हणाली.

"यंदाची दिवाळी जडच हाय बाई तुमाला." नागूबाईनं ताट ओट्यावर ठेवलं आणि आवाज खाली आणला. "परवा तुळजापुरात दिसली. भाजी घेत हुती."

धुरपदाबाईचा हात थांबला. "वाळलीय का?"

"न्हाय वो. चांगली खडखडीत हाय."

एवढं बोलून नागूबाईनं पदरानं डोळे टिपले. चांगल्या खडखडीत माणसासाठी डोळे टिपण्यात काही चुकतंय, असं तिला मुळीच वाटलं नाही.

ती गेल्यावर उत्तरेश्वरराव स्वयंपाकघराच्या दारात आले. ओट्यावर ओळीनं मांडलेल्या बरण्या त्यांनी पाहिल्या.

"हे कशाला केलं?"

"पाक म्हंजी काय तळण न्हवं," धुरपदाबाई म्हणाली.

त्यांनी थोडा विचार केला. रीतीत पाकाला हरकत कुठं सापडेना. ते माघारी वळले आणि धुरपदाबाईला मनातून फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याची नजर चुकवून वाट काढली होती. एक बरणी तिनं आधीच पिठाच्या डब्यामागं सारली होती. कॉफीची, रुंद तोंडाची, घरातली सगळ्यात चांगली.

भाऊबीजेला तिचा भाऊ बब्रुवान आला. त्याचं तुळजापुरात प्रसादाचं दुकान होतं, आणि या घरच्या नात्यातला वैष्णवीकडं जाणारा-येणारा असा तोच एक होता. धुरपदाबाईनं खोबरं-साखर हातावर ठेवून त्याला ओवाळलं. तो निघताना तिनं स्वयंपाकघरात बोलावून बरणी त्याच्या पिशवीत घातली.

"वैष्णवीला दे. आन बरणी माघारी आण. म्हणावं, बरणी आईची हाय."

"बरणीचं काय एवढं, आक्का? तुला नवी आणून देतो."

"नवी नगं. तू तिला नुसतं एवढं सांग."

बब्रुवानला कळलं नाही, पण वैष्णवीला कळणार होतं. लहानपणी एकदा ती शेजारची वाटी रिकामीच परत देऊन आली होती, तेव्हा आईनं पाठीत धपाटा घातला होता. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये. काही नसलं तर चिमूटभर साखर घालावी. तेव्हापासून पोरगी कधी चुकली नव्हती. धुरपदाबाईला फोन करायचं धाडस नव्हतं, माफी मागायला तोंड नव्हतं. त्या बरणीत चार दाणे साखर आली असती तरी पोरीनं आपल्याला टाकलेलं नाही, असं ती समजणार होती. आणि बरणी रिकामी आली, तर संपलं.

नंतरचे दिवस तिनं कसेबसे काढले. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना तिचं लक्ष रस्त्याकडं. नागूबाईचं ताट परत करताना तिनं त्यात पाकाची बरणी ठेवली, आणि आपली बरणी कशी येईल याचाच विचार करत घरी आली.

रविवारी बब्रुवान सोनारीला भैरवनाथाचं दर्शन घेऊन तसाच इकडं आला. कपाळाला गुलाल होता. उत्तरेश्वरराव रानात गेले होते. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली बरणी बहिणीच्या हातात दिली.

बरणी जड लागली. धुरपदाबाईनं घाईनं कागद फाडला. आत गळ्यापर्यंत शंकरपाळ्या भरलेल्या होत्या. बारीक, सारख्या, कोपरा न् कोपरा नीट कापलेला. हे कापणं तिनंच शिकवलेलं होतं. तिनं झाकण काढून एक तोंडात टाकली. ती जिभेवरच विरघळली.

"मोहन बरोबर पडलंय," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. रडता रडताच ती हसली. "बघ बब्रू. रिकामी न्हाय धाडली माझ्या लेकीनं."

बब्रुवान खाली बघत होता.

"काय म्हणली?"

"पाणी दे आधी."

तो तांब्याभर पाणी प्यायला. मग तोंड पुसत म्हणाला, "पाक चाखला तिनं. खूश झाली. मग म्हणली, मामा, नुसता पाकच? आईनं चकल्या न्हाय केल्या? म्या आपला सरळ बोलून गेलो. म्हणलं, तुमच्या घरी यंदा तळण न्हाय."

"मग?"

"मग म्हणली, कोण गेलं?"

धुरपदाबाईनं बरणी मांडीवर घेतली.

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगू? म्या गप बसलो, त्यातच तिला कळलं. वाटलं, रडंल. तर उठली, मैदा काढला, कढई चढवली. मला बसवून ठिवलं आन समद्या तळून भरल्या. म्हणली, सुतकाच्या घरी फराळ द्यायची रीत हाय ना. आमच्यात सुतक न्हाय, आमी परकी माणसं. एवढं त्यांच्या घरी पोचवा."

"त्यांच्या म्हणली?"

"व्हय."

धुरपदाबाईच्या तोंडात अजून गोडवा होता. आपण काढलेली वाट कुठं गेली ते तिला आता दिसलं. इतर वर्षी पाकासोबत चकल्या गेल्या असत्या. अंघोळीचं इतके दिवस कुणी तिच्या कानावर घातलं नव्हतं; यंदा नुसता पाक पाठवून आपणच पोरीला तिच्या मरणाची खबर दिली. नागूबाई निदान डोळे टिपून गेली होती. आपण हौसेनं लवंग-मिरी घालून पाठवली.

बब्रुवान चहाला थांबला नाही.

तिन्हीसांजेला उत्तरेश्वरराव रानातून आले. हातपाय धुऊन बसले तर समोर बरणी उघडीच होती. त्यांनी दोन शंकरपाळ्या उचलून तोंडात टाकल्या, मग आणखी दोन.

"ह्या चांगल्या झाल्यात. नागूबाईच्या तर दातानं तुटत न्हवत्या." ते चावत म्हणाले, "कुणाच्यातनं आल्या?"

"जिचं सुतक हाय तिच्यातनं," धुरपदाबाई म्हणाली.

त्यांचं चावणं थांबलं. ते बायकोकडं बघत राहिले. ती आज खाली बघत नव्हती. सुतकाचा फराळ टाकत नाहीत आणि परतही करत नाहीत. रीतीचे एवढे जाणकार असल्यावर त्यांना हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी तोंडातला घास पाण्याच्या घोटासोबत गिळला आणि उठून बाहेर गेले.

धुरपदाबाईनं उरलेल्या शंकरपाळ्या डब्यात काढल्या. बरणी राखेनं घासली, धुतली आणि पदरानं आतून-बाहेरून कोरडी केली. सवयीनं तिचा हात साखरेच्या डब्याकडं गेला. चिमूट भरून घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की बरणी घरचीच आहे. ती आता कुणाला परत द्यायची नव्हती.