माझ्या अस्तरातली तूर

मित्रांनो, मी एक जुनी, मरून रंगाची सूटकेस आहे आणि माझा कोणावरही विश्वास नाही. जिला जन्मापासून कुलूप लावलं जातं, तिचा स्वभाव दुसरा कसा होणार? कारखान्यात माझी चेन बसवणाऱ्या माणसाने ती दहा वेळा ओढून पाहिली होती. म्हणजे त्यालाही माझा भरवसा नव्हता.

नांदेडच्या बाजारातून मला शिवाजीरावांनी, म्हणजे आबांनी, घरी आणलं. ते कृषी सहायक होते. बियाणं कसं पारखावं, पेरण्याआधी त्याला औषध कसं चोळावं, हे ते गावोगाव शेतकऱ्यांना शिकवत. पुढे माझं आतलं अस्तर एका बाजूने उसवलं, पण आबांनी ते शिवलं नाही. महत्त्वाच्या वस्तू ते त्या फटीतच ठेवू लागले. पाहुण्यांना ते कौतुकाने सांगत, ‘ही माझी तिजोरी.’ ते माझे सुखाचे दिवस होते.

आबांची पत्नी गेली आणि ते मला घेऊन न्यूझीलंडला, हॅमिल्टनला आले. त्यांचा मुलगा लहू तिथल्या हॉस्पिटलात नर्स आहे आणि सून सुजाता फार्मासिस्ट. मला मात्र गॅरेजमध्ये गवत कापण्याच्या यंत्राशेजारी ढकललं गेलं. माझ्या अंगावर बुरशी चढली. कोणी पाहिलं नाही.

जूनमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, धुकं इतकं दाटलं की समोरचं कुंपणही दिसेना. आबा खोली गरम करणाऱ्या हीट पंपासमोर शाल पांघरून बसत आणि थंडीला नावं ठेवत. एकदा लहू गॅरेजमध्ये येऊन फोनवर म्हणाला, “आबांना इथला विंटर झेपत नाही रे. मी त्यांचं ऑगस्टचं रिटर्न तिकीट बुक करून टाकलंय.” मला वाटलं, आबांनीच हट्ट धरला असणार. हा माणूस इथून पळायला निघालाय आणि मला मात्र अजून अंधारातच ठेवतो! मी आबांवर रुसले.

ऑगस्टच्या आधी, जुलैच्या सुट्टीत सगळे सुजाताच्या भावाकडे निघाले. मकरंद कॅरिबियनमधल्या एका छोट्या बेटावर डॉक्टर आहे. घरात चकचकीत निळी सूटकेस आली, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. पण आबांनी मला बाहेर काढलं, व्हिनेगरने पुसलं आणि उन्हात ठेवलं. तेवढ्यावर विरघळणारी मी नव्हे.

तीन विमानं बदलून आम्ही पोहोचलो. बेट एवढंसं, की सकाळी निघून दुपारच्या जेवणापर्यंत गाडीने फेरी पूर्ण व्हावी. लहूची नऊ वर्षांची मुलगी रिया टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घालून दिवसभर पाण्यात असे. लहू आणि सुजाता झोपाळ्यात लोळत. ड्युटी नाही, डबा नाही. आबा मात्र रोज कुठेतरी गायब होत आणि मातीने भरलेल्या चपला घेऊन परतत. मला हे लक्षण ठीक दिसेना.

परतण्याच्या आदल्या दुपारी सगळे समुद्रावर असताना आबांनी मला उघडलं. इकडेतिकडे पाहिलं, गाठ मारलेला हातरुमाल फटीत सारला आणि चेन ओढली. आत काहीतरी कडक, बारीक खुळखुळलं. आबा आणि चोरी? गेल्या काही महिन्यांत मी त्यांना ओळखेनाशीच झाले होते.

ऑकलंडच्या विमानतळावर लहूने मला पट्ट्यावरून उचललं. बाहेरच्या कुठल्या वस्तू आणल्या, हे या देशात आल्यावर खरंखरं सांगावं लागतं. लहूने ते डिक्लरेशन सगळ्यांच्या वतीने फोनवर भरलं होतं. आबांचंही. आपल्याकडे मुलगा वडिलांचा फॉर्म असाच भरतो; त्यांना काय विचारायचं?

रांगेत रिया पाटी वाचू लागली. “आबा, any seeds? You have to tell them. It's heaps important.”

“रिया, मी सगळं भरलंय. सगळीकडे नो,” लहू म्हणाला.

“सीड्स म्हणजे… बी, आबा. बी has bugs. इथली झाडं मरतात.”

आबांचा चेहरा उतरला. “माझ्याकडे आहे बी,” ते म्हणाले. “तूर. मकरंदच्या शेजारच्या म्हातारीने अंगणातली दिली. रोज तिच्या झाडांना आळी करून देत होतो.”

लहूचा आवाज खाली आला. “आबा, गप्प बसा. मी नो लिहिलंय. खोटं सापडलं तर तुमचा पुढचा व्हिसा अडकेल. परत येता नाही येणार.”

मित्रांनो, मी घाबरले. गुपित माझ्याच पोटात होतं. पण आबांनी लहूच्या हातून मला काढून घेतलं आणि ते सरळ काउंटरशी गेले. तिथल्या अधिकारी बाईने “किआ ओरा” म्हणून नमस्कार केला. आबांनी स्वतः चेन उघडली, रुमालाची गाठ सोडली आणि त्या लालसर दाण्यांकडे एकदा पाहून ते तिच्या हाती दिले. “मुलाला माहीत नव्हतं. चूक माझी,” ते म्हणाले. रियाने इंग्रजीत सांगितलं. बाईंनी दाणे पिवळ्या डब्यात टाकले, आधी सांगितल्याबद्दल आभार मानले आणि आम्हाला जाऊ दिलं.

बाहेर आल्यावर लहू चिडून म्हणाला, “तूर कशाला हवी होती? दुकानात मिळते की!”

“पेरायला. तुझ्या मागच्या अंगणात, थंडी सरल्यावर. सात महिने लागतात तुरीला.”

“पण तुम्ही तर ऑगस्टात चाललाय ना?”

“तिकीट तू काढलंस,” आबा म्हणाले. “मला विचारलं नाहीस. मी थंडीला नावं ठेवली, घराला नाही.”

लहूने खिशातून फोन काढला, तिकीट उघडलं आणि पहिल्यांदाच विचारलं, “आबा, राहाल?”

मला फार लाज वाटली. त्या माणसाने माझ्या पोटात इथे राहायचा बेत ठेवला होता आणि मी त्याला पळपुटा समजत होते.

मित्रांनो, आमच्यासारख्या सामानावर खुशाल संशय घ्या. उघडा, उलथंपालथं करा, नंतर कोरड्या जागी ठेवा म्हणजे झालं. पण घरातल्या माणसाचा फॉर्म भरण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि त्याला विचारा. त्याला चेन नसते, त्यालाच बोलावं लागतं.