पांढरीचा उतार

सरकारी सडक माझ्या अंगणाला लागून होती, पण माझी बैलगाडी तिच्यावर चढत नव्हती. सडक उंचावर, मधे कमरेइतका खोल चर. भोकरदनहून जालन्याला जाणारी लारी रोज दारावरून धुरळा उडवत जायची, आणि मला मात्र सडक गाठायला ओढ्याकाठच्या पांदीतून, त्या खोल गाडीवाटेने, अर्ध्या कोसाचा फेरा. याच फेऱ्यात मागच्या साली साळूचं पहिलं मूल गेलं. पांदीतल्या चिखलात चाक रुतलं, ते निघेपर्यंत ऊन डोक्यावर आलं, आणि जालन्याचा दवाखाना दिसायच्या आत गाडीतच मेलेलं पोर जन्माला आलं. साळू माझी एकुलती एक लेक.

यंदा तिला पुन्हा दिवस गेले. दुसरं बाळंतपण सासरी करायची रीत, पण तिच्या सासरहून दवाखाना दहा कोस आणि माझ्या घरून चार. मी व्याह्यांना ठणकावून सांगितलं, दारातून गाडी थेट सडकेवर चढेल अशी सोय करतो, लेक माझ्याकडे पाठवा. माझ्या बायकोने, झुंबरबाईने, पिंपळगावच्या रेणुकेला साकडं घातलं आणि मी फावडं उचललं.

सरकारी चर बुजवायचा म्हणजे इजाजत लागते. दोन महिने तहसिलीच्या पायऱ्या झिजवल्यावर ती मिळाली, आणि कामावर नजर ठेवायला सडकेचा मुकादम मच्छिंद्र आला. चरातलं पाणी अडू नये म्हणून खाली दगडांची मोरी बांधायची, तिच्यावर डबर, म्हणजे फोडलेले दगड, टाकायचं आणि मग उतार करायचा, असं त्याने सांगितलं. मी तसंच केलं. दसरा झाला तेव्हा फक्त वरचा थर राहिला होता.

"कडूबाभाऊ, मोरी बराबर बसली," मच्छिंद्र म्हणाला. "आता वरून मुरूम टाका. चांगला ईतभर. पाणी मारून ठोका."

मुरूम दोन कोसांवरच्या माळावर. मला हसू आलं. आमच्या भागात घरांवर मातीची सपाट छपरं, धाबी, असतात, आणि गावातली निम्मी धाबी माझ्या हातची. पडक्या गढीची पांढरी माती आणून चोपली की पाण्याचा थेंब खाली येत नाही.

"मुकादम, मला माती शिकवून राह्यले का?" मी म्हणालो. "गढीची पांढरी टाकतो. माझं धाबं गळलेलं पाह्यलं का कधी?"

"धाब्याचं धाब्याला, सडकेचं सडकेला. पण मर्जी तुमची."

ऐकावे जनाचे, करावे मनाचे. मी चार दिवस चोपणं घेऊन बसलो आणि उतार असा गुळगुळीत केला की येणारेजाणारे थांबून हात फिरवून पाहायचे. रिकामी गाडी चढवली, भरलेली चढवली. झुंबरबाईने नारळ फोडला. त्या आठवड्यात साळू आली, नववा लागलेली.

मग स्वातीचा पाऊस लागला. नुकत्या पेरलेल्या ज्वारीला असा पाऊस म्हणजे सोनं, सगळं गाव हसत होतं. मी उतारावरून पाणी कसं निथळतं ते कौतुकाने पाहायला गेलो, दुसऱ्याच पावलाला पाय सटकला आणि मी धाडकन चरात गेलो.

उठलो आणि पुन्हा पाय ठेवला. पुन्हा सटकला. पाणी आत जात नव्हतं, माझी माती चोख होती, पण वर साबणासारखा बुळबुळीत थर चढला होता. मुरूम आणायचा तर गाडी याच उताराने चढवायला हवी, नाहीतर पांदीने, आणि पांदीत बैल पोटापर्यंत बुडत होते. पाऊस थांबला की दोन उन्हांत वाळेल, अशी मनाची समजूत घातली आणि घरात कोणाला काही बोललो नाही. एवढं बोलून बसलेला माणूस कोणत्या तोंडाने बोलणार? जेवताना साळूकडे बघवत नव्हतं. ती कण्हली की माझा हातातला घास हातात राहायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी, पाऊस चालू असतानाच, तिला कळा सुरू झाल्या.

गाडीत गोधड्या टाकल्या, वर ताडपत्री बांधली. बैलांनी उताराला खूर लावले आणि दोघांचे पाय चहूकडे फाकले. डाव्या बैलाने गुडघे टेकले. गाडी मागे घसरली, साळू आतून किंचाळली. पुन्हा हाकलं. पुन्हा तेच.

"अवो, काय करून राह्यले?" झुंबरबाई ओरडली. "धाब्यावर पावसात गाडी हाकतं का कोणी?"

साध्या बाईला जे कळलं ते मला कळलं नव्हतं. शेजारचा बद्रीनाथ धावत आला आणि त्याने चाकामागे दगड लावला. "कडूबा, कडबा टाकू का?" त्याने विचारलं. आम्ही पेंढ्यांवर पेंढ्या अंथरल्या. बैलांच्या खुरांखालून त्या पेंढ्याच सरकत खाली आल्या.

"आबा," साळू आतून म्हणाली, "मागच्यासारखंच व्हणार का?"

घरात गेलो, कुदळ आणली आणि चार दिवस चोपून काढलेला उतार फोडायला लागलो. माती इतकी घट्ट बसली होती की कुदळ उडून मनगटाला झटके बसत. माझ्याच हाताची करणी, तिचा असा राग मला कधी आला नव्हता. बद्रीनाथ टिकावाने दुसऱ्या बाजूने खणत होता. साळूच्या कळा जवळजवळ येत होत्या आणि मला प्रत्येक कळ ऐकू येत होती. शेवटी चाकोरीपुरतं खालचं डबर उघडं पडलं. खडबडीत, वेडंवाकडं. त्याच्यावर कडबा पसरला, बद्रीनाथने आणि मी चाकांना खांदे दिले, झुंबरबाईने कासरा ओढला. गाडी कचकचत, दणके खात सडकेवर चढली.

चार कोस मी बैलांच्या पुढे पळत होतो. दवाखान्यात डॉक्टरीणबाईने मला बाहेर थांबवलं. दार बंद झालं. आत साळू ओरडत होती, मग ओरडायची थांबली, आणि त्या शांततेत माझा जीव अर्धा झाला. मग रडण्याचा आवाज आला. बारीक, चिडलेला. मुलगी झाली होती. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मायलेकी तिथे पंधरा दिवस होत्या, झुंबरबाई सोबतीला. मी घरी येऊन पांढरीचा कण अन् कण खरवडून काढला. माळावरून आठ खेपा मुरूम आणला, ठोकला. तीस घागरी पाणी ओतलं आणि पोत्यांनी भरलेली गाडी दहादा खालीवर केली. एकदाही चाक सरकलं नाही. मच्छिंद्रने टाच मारून पाहिली आणि मान डोलावली.

त्यांना आणायला गेलो त्या दिवशी लख्ख ऊन होतं. घर आलं. बैल सवयीने उताराकडे वळले आणि मी कासरा असा खेचला की ते मागे सरले.

"काय झालं आबा?" साळूने विचारलं.

"तू उतर. पायी चाल."

"वाटंत तुम्हीच तर सांगितलं, मुकादम पक्कं झालं म्हणले."

"त्याचं बराबर असंल. माझं मन घेत न्हाई."

झुंबरबाई काही बोलणार होती, पण साळूने तिचा हात दाबला. मग साळू खाली उतरली आणि धडुत्यात गुंडाळलेली पोर तिने माझ्या हातात दिली.

"मंग हिला तुम्हीच घरात न्या. गाडी मी आणते."

मी नको म्हणेपर्यंत तिने कासरा घेतलाही होता. मी वहाणा काढल्या, अंगठे मुरमात रोवले आणि एकेक पाऊल टाकत उतरू लागलो.

"खाली काय पाह्यता आबा," साळू मागून म्हणाली, "तिच्याकडं पाहा की."

मी खालीच पाहत राहिलो.